आगोट आली, होडी कुठं ठेवायची?

बेळगावचे लोक कारवारला जातात ते दिवाळीच्या सुट्टीत, नाहीतर जानेवारी-फेब्रुवारीत. सदाशिवगडावर चढायचं, देवबागच्या सुरूच्या बनात बसायचं, ताजी मासळी खायची आणि संध्याकाळी गाडी पकडायची. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिकडं कोणी फिरकत नाही. अंग घामानं चिकट झालेलं असतं, आभाळ भरून येतं पण पडत नाही आणि समुद्राचा रंग मातकट व्हायला लागलेला असतो. मी मात्र त्याच आठवड्यात जातो. अक्काचं सासर माजाळीला आहे आणि त्या घरात वर्षातला सगळ्यात मोठा वाद त्याच दिवसांत असतो. लग्नाचा नाही, जमिनीचा नाही. होड्या पावसाळ्यात कुठं ठेवायच्या, याचा.

रस्ता नेहमीचाच. खानापूर, रामनगर, जोयडा, मग अणशीचा घाट उतरून कद्रा. कद्र्यापासून काळी नदी सोबतीला येते ती थेट सदाशिवगडापर्यंत. कुंद्याचा डबा मांडीवर धरून खिडकीतून नदी बघत बसायचं. मेअखेर ती अगदी गरीब दिसते. जुलैत कद्रा धरणाची दारं उघडली की हीच नदी झाडांचे ओंडके घेऊन समुद्राकडं धावते, हे त्या वेळी कुणाला सांगून पटणार नाही. सदाशिवगडावरून उत्तरेला वळलं की माजाळी. पुढं तीळमातीचा काळ्या वाळूचा छोटा किनारा, आणि त्यापलीकडं पोळें, म्हणजे गोवा.

पावसाळा तोंडावर आला की किनाऱ्यावरचे लोक म्हणतात, आगोट आली. आपल्याकडं घाटावर हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. आमच्या आजीच्या तोंडी होता; शेणी, सरपण, पापड-सांडगे आत घेण्याच्या घाईला ती आगोटीची घाई म्हणायची. माजाळीत तो अजून रोजच्या वापरात आहे. घरात कानडी बोलणारी सून आली तर ती मळेगाल म्हणते, पण होडी वर ओढायच्या दिवसाला तीही आगोटच म्हणते.

आगोटीची तारीख पूर्वी आभाळ ठरवायचं, आता सरकार ठरवतं. कर्नाटक आणि गोव्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मासळीच्या विणीचे हे दिवस. ट्रॉलर, पर्ससीनच्या बोटी तर बंद असतातच, कर्नाटकात १० अश्वशक्तीपेक्षा मोठं इंजिन लावलेल्या होड्याही बंद. वल्ह्यावर चालणारी, नाहीतर छोट्या इंजिनाची पारंपरिक होडी मात्र चालते. हा फरक लक्षात ठेवावा, कारण अक्काच्या घरातला अर्धा वाद याच फरकावर उभा आहे.

थंड देशांतही होड्या अशाच काही महिने गुंडाळून ठेवतात, पण हिवाळ्यात. तिथं भीती बर्फाची. इंजिनात राहिलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि लोखंड तडकतं, म्हणून पाण्याचा थेंब न थेंब काढायचा, उरलं तिथं न गोठणारं द्रव भरायचं, आणि होडी प्लॅस्टिकात घट्ट आवळून टाकायची. आमच्या कारवारला बर्फ कुठला? इथला शत्रू गोडं पाणी. बेळगावात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आपण छत्र्या मोडल्या म्हणून कुरकुरतो. कारवारला तीन हजारांच्या घरात पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. खाऱ्या पाण्यात वर्षभर मजबूत राहिलेलं लाकूड आत साचलेल्या पावसाच्या पाण्यानं कुजतं. गंमत अशी की हेच गोडं पाणी एका बाबतीत उपकार करतं. लाकूड पोखरणारी समुद्रातली कीड गोड्या पाण्यात जगत नाही. म्हणून पूर्वीचे लोक जहाजं पावसाळ्यात खाडीत आत, नदीच्या वरच्या अंगाला नेऊन ठेवत. वादळापासून आडोसा मिळायचा आणि कीडही मरायची.

हा विचार किती जुना आहे? आपल्या मराठीतच त्याचा लेखी पुरावा आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या दरबारासाठी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त शेवटी आरमाराचं प्रकरण आहे. किल्ल्यांचं प्रकरण सगळे वाचतात, हे फारसं कोणी वाचत नाही. त्यात आरमाराची पावसाळी छावणी कशी करावी, हे घरातल्या कर्त्या माणसानं सांगावं तसं सांगितलं आहे. समुद्र खवळायच्या आधीच काही दिवस जहाजं बंदरात न्यावीत. आणि महत्त्वाचं म्हणजे दरवर्षी एकाच बंदरात छावणी करू नये. तसं केलं तर आरमारी लोकांचा तिथल्या रयतेला त्रास होतो. जहाज ठेवायची जागा ही नुसती पाण्याची आणि वाऱ्याची गोष्ट नाही, तिथं राहणाऱ्या माणसांचीही आहे, हे अमात्यांना तीनशे वर्षांपूर्वी दिसलं होतं. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये इथं खडकात खोदलेली मराठ्यांची गोदी अजून बघायला मिळते. सहलीला जाणाऱ्यांनी किल्ला बघून परत न फिरता तिथंही जावं.

गोव्यात पोर्तुगीजांनाही हीच अडचण होती. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध वर यायचा आणि जहाजांची ये-जा बंद पडायची. मग सगळा भार मुरगावच्या बाजूला. मुंबई ते पणजी आगबोट चालायची तेव्हाही पावसाळ्यात ती बंदच असे. अलीकडच्या काळातही समुद्रानं आपली आठवण करून दिली आहे. ६ जून २००० ला रिव्हर प्रिन्सेस नावाचं जहाज कांदोळीच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं आणि दहा-बारा वर्षं तिथून हललं नाही. ३० मे २००६ ला ओशन सेराया कारवारच्या बाहेर खडकावर चढलं आणि त्याचं तेल गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत गेलं. तारखा बघा. दोन्ही ऐन आगोटीच्या.

आता माजाळीकडं वळू.

अक्काच्या घरी तीन होड्या. पहिली फायबरची मोठी होडी, मागं इंजिन, दाजी हिच्यावर घर चालवतात. दुसरं एक छोटं होडकं, दोन माणसं बसतील एवढं, वल्ह्याचं. आणि तिसरी तात्यांची पात. तात्या म्हणजे अक्काचे सासरे. पात लाकडाची आहे, पंचवीसेक फूट लांब, आणि तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्यानं शिवलेल्या आहेत. वाचकांतल्या तरुण मंडळींना हे खरं वाटणार नाही, पण या किनाऱ्यावर शिवलेल्या होड्या शेकडो वर्षं चालल्या. फळीच्या कडेला भोकं पाडायची, सांध्यावर काथ्याची वळी ठेवायची, आणि वरून दोरीनं टाके घालून आवळायचं. लाटेनं आपटलं तरी खिळ्याच्या होडीसारखी ती फुटत नाही, थोडी लवते. रापणीसाठी, ज्याला कानडीत रंपणी म्हणतात, अशाच होड्या लागत. होडीतून जाळं टाकत अर्धवर्तुळ घ्यायचं आणि गावातल्या पन्नास-शंभर माणसांनी दोन्ही टोकं किनाऱ्यावर ओढायची. १९७० च्या दशकाच्या शेवटी कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीनच्या बोटी आल्या आणि रापण बसली. पात राहिली.

शिवलेल्या होडीची पावसाळ्यातली काळजी वेगळी. पूर्वी आगोटीनंतरचे दोन महिने हा तिच्या दुरुस्तीचा काळ असे. ढिले झालेले टाके उसवायचे, काथ्या बदलायचा, नव्यानं शिवायची, मग आतून-बाहेरून तेल पाजायचं. उंडीच्या बियांचं तेल, तारलीचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल, ज्याला जे मिळेल ते. या तेलांचा वास ज्यानं घेतला आहे त्यालाच कळेल की तात्यांच्या अंगणात अजूनही शेजारची पोरं का खेळत नाहीत.

तीन होड्या आणि ठेवायच्या जागा तीन. पहिली जागा वाळू. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला माडाच्या झापांची खोंप उभारायची, तिच्यात होडी शाकारायची. दुसरी जागा नदी. समुद्रातून वळसा घालून काळीत शिरायचं आणि पुलाच्या वर एखाद्या शांत वळणावर बांधून ठेवायचं. तिसरी जागा घर. ट्रॉलीवर चढवून गल्लीतून आणायची आणि परड्यात ठेवायची.

तात्यांचा जन्म वाळूवर होडी ठेवण्यात गेला. वाळूवर ठेवायची म्हणजे नुसती ओढून टाकायची नाही. आधी उलांडी सोडायची. समुद्रात होडीला तोल देणारं हे बाजूचं लाकूड जमिनीवर नुसतं अडथळा करतं. मग ओंडक्यांवरून, तेल लावून, सगळ्यांनी एका आवाजात जोर लावून होडी वर घ्यायची. खाली जांभ्याचे चिरे, चिऱ्यांवर आडवी लाकडं, त्यावर होडीचा पठाण. मातीला लाकूड लागलं की वाळवी लागलीच म्हणून समजा. होडी किंचित कलती ठेवायची आणि तळाचं बूच काढून टाकायचं, म्हणजे झापातून गळलेलं पाणी आत न साचता निघून जाईल. वारा खेळता राहिला पाहिजे. ताडपत्रीनं गच्च झाकलेली लाकडी होडी आतल्या आत घामेजून कुजते. झापांचं बरं असतं, पाऊस अडवतात आणि श्वास घेऊ देतात. ताडपत्री स्वस्त आणि झटपट म्हणून आता सगळीकडं निळी ताडपत्री दिसते. माझ्या मते झाप चांगले. पण झाप विणायला बसणार कोण, असं अक्का विचारते आणि तिचंही बरोबर आहे.

आणि किती वर ओढायची? तात्यांचं माप मर्यादवेल. वाळूवर पसरणारी, जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची ही वेल तुम्ही पाहिली असेल. कानडीत तिला अडुंबु बळ्ळी म्हणतात. नावच सांगतं, समुद्राची मर्यादा इथपर्यंत. मे महिन्याची भरतीरेषा बघून जो होडी ठेवतो तो नवखा. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्याची वाळू ओरबाडून आत पाण्याखाली नेऊन टाकतात, आणि पाऊस सरल्यावर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. म्हणजे मे महिन्यात पायाखाली दिसणारी वाळू जुलैत तिथं नसते. वेल मात्र अनेक वर्षांचा हिशेब धरून उगवलेली असते. तिच्याही मागं, सुरूच्या ओळीत होडी ठेवायची आणि नाळेला दोर बांधून सुरूला आवळायचा. सुरूला कानडीत गाळी मर म्हणतात, वाऱ्याचं झाड. होडी बांधायला तेच झाड मिळावं, ही मौज आहे.

अडचण अशी की तात्यांची वेलच मागं सरकली आहे. जिथं त्यांची खोंप असायची तिथं आता पावसाळ्यात लाटा येतात. सुरूची पुढची ओळ मुळं उघडी पडून आडवी झाली. मागं सरकावं तर मागं जागा नाही. कुणाचं कुंपण, कुणाची खोली. हे एकट्या माजाळीचं दुखणं नाही. कारवारच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी समुद्र अडवायला दगडांचे बांध घातले आहेत, आणि ज्या किनाऱ्यावर दगडांची रास आहे तिथून होडी वर ओढताच येत नाही. कारवारच्या दक्षिणेला नौदलाच्या सीबर्ड प्रकल्पासाठी गावंच्या गावं उठली, त्यांत मच्छीमारांची वस्ती मोठी. तळ २००५ मध्ये सुरू झाला. घर दुसरीकडं बांधून मिळतं, पण घरासमोरचा होडी ओढायचा किनारा कसा मिळणार? जानेवारी २०२० मध्ये कारवार बंदराच्या विस्ताराविरुद्ध मच्छीमार रस्त्यावर उतरले, तेव्हाही मुद्दा तोच होता. शहरातल्या माणसाला किनारा म्हणजे फिरायची जागा वाटते. होडीवाल्याला ते अंगण, गोठा आणि कोठार एकदम असतं. फक्त त्याचा सातबारा नसतो. तात्यांच्या भाषेत सांगायचं तर, “रेंव कोणाची न्हय रे.” वाळू कुणाचीच नाही. तरुणपणी हे ते अभिमानानं म्हणत असतील. आता तसं ऐकू येत नाही.

राहिली नदी. दाजींचा ओढा नदीकडं. काळीत होडी ठेवली तर ओढायला वीस माणसं गोळा करायला नकोत. पण मोठ्या होडीला नदीत ठेवायला तात्यांचा ठाम विरोध. कद्र्याचं पाणी सुटलं की ओंडके येतात, दोर कितीही जाड असला तरी रात्रीतून उठून तो ढिला-घट्ट करावा लागतो, आणि पावसाचं पाणी भरलेली होडी बांधल्या जागी बुडते. रोज कुणीतरी उपसायला गेलंच पाहिजे. फायबर कुजत नाही हे खरं, पण आत पाणी भरलं की बुडायला ती लाकडापेक्षा उशीर करते असं थोडंच आहे?

आणि तरी नदीत होड्या असणं किती मोलाचं आहे, हे २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. ७ ऑगस्टला, मध्यरात्र उलटल्यावर, काळीवरचा जुना पूल कोसळला आणि त्याच्याबरोबर एक ट्रक पाण्यात गेला. चालकाला पोलिसांनी आणि स्थानिक मच्छीमारांनी वाचवलं. दाजी हा दाखला दरवर्षी देणार, हे आता ठरलेलंच.

वादाच्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळे ओट्यावर बसले. भाचा गोव्यात नोकरीला आहे, तो रविवार म्हणून आलेला. त्यानं सरळ मुद्द्याला हात घातला.

“आजोबा, पातीचं काय करायचं ते एकदा ठरवू या. एका हॉटेलवाल्याला अंगणात ठेवायला जुनी होडी पाहिजे. मला विचारत होता. रंग देऊन आत फुलझाडं लावणार.”

तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

दाजींनी मुलाला दटावलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. तेही थकले असावेत. पात पाण्यात उतरून तीन वर्षं झाली. दरवर्षी तिला ओढायला, शाकारायला माणसं आणि पैसे लागतात, आणि कमाई शून्य. बंदीच्या दिवसांत घरात तसाही पैसा नसतो. बचत-मदत योजनेत मच्छीमारानं वर्षभरात भरलेले दीड हजार आणि सरकारचे तीन हजार, असे तीन महिने दीड-दीड हजार रुपये मिळतात. तेवढ्यात काय काय भागवायचं? “तात्या, या वर्षी खोंप घालायला जागाच नाही,” दाजी म्हणाले. “मोठी होडी माडाच्या बागेत नेतो, ट्रॅक्टर सांगून ठेवलाय. होडकं काळीत आत्याकडं. पातीला जागा सांगा तुम्ही, मी नेतो. पण सांगा.”

त्यात आडून बोलणं नव्हतं. खरोखरच जागा नव्हती.

मध्येच भाच्यानं मोबाइलवर कौंडिण्य जहाजाची चित्रफीत लावली, बहुधा वातावरण हलकं व्हावं म्हणून. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बेतलेलं हे जहाज गोव्यात बांधलं, केरळच्या कारागिरांनी शिवलं, आणि मे २०२५ मध्ये कारवारच्याच तळावर ते नौदलात दाखल झालं. एकही खिळा नाही, सगळं काथ्यानं शिवलेलं. तात्यांनी चष्मा लावून ते बारकाईनं बघितलं. टाके कसे घेतलेत ते दिसावं म्हणून दोनदा थांबवायला लावलं. “चांगलं शिवलंय,” म्हणाले. मग म्हणाले, “आमच्या पातीचे टाके गेल्या खेपेला मी एकट्यानं घातले. दुसऱ्या बाजूनं दोर ओढायला माणूस लागतो. तुझी आजी ओढायची.”

आजीला जाऊन चार वर्षं झाली.

अक्का इतका वेळ आत भांडी आवरत होती. पदराला हात पुसत ती दारात आली आणि म्हणाली, “गोठ्याची मागची भिंत काढा. गाय विकल्यापासून गोठा रिकामाच आहे. लांबीला पात बसते. मी सकाळी पावलांनी मोजलंय.”

दाजी म्हणाले, “भिंत काढायची? होडीसाठी?”

“मग काय झालं? पावसाला अजून आठ दिवस आहेत. परत घालता येते भिंत. हॉटेलातून पात परत आणता येणार आहे का?”

भाचा हसला, पण गप्प बसला. तात्यांनी सुपारीचं खांड तिच्यापुढं धरलं. या घरात सासरे सुनेला सुपारी देताना मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ट्रॅक्टर आला. आधी फायबरची होडी. तिचं काम सोपं. इंजिन सोडवून गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून आतलं मीठ धुतलं, टाकीतलं रॉकेल-पेट्रोल काढलं, प्लग खोलून आत तेल सोडलं आणि इंजिन ओसरीवर उभं टांगलं. आडवं ठेवलं तर राहिलेलं पाणी नको तिथं उतरतं. होडी माडाच्या बागेत पालथी घातली, दोन्ही बाजूंनी वाळूची पोती आणि वरून दोर. हलकी असते ना, तौक्ते वादळात, मे २०२१ च्या मध्याला, अशा कितीतरी होड्या वाऱ्यानं उचलून आपटल्या. तेव्हापासून दाजी बंदीच्या तारखेची वाट बघत नाहीत, मेच्या मध्यालाच अर्धं सामान वर आणतात. होडी पालथी घालताना मात्र नारळ पडायची जागा टाळायची. हे ऐकायला विनोदी वाटतं. फायबरला तडा गेल्यावर वाटत नाही.

होडकं दाजी आणि मी काळीत नेऊन सोडलं. ते वर ओढायचं नाही, कारण वल्ह्याच्या होडक्याला बंदी नाही आणि पावसाळ्यात नदीतली मासळी, खुबे, तिसऱ्या यांवरच घर चालतं. वर ओढलेली होडी दोन महिने खाऊ घालत नाही, हा हिशेब दाजी मनात पक्का धरून असतात. आत्याच्या घराखाली पाणी संथ आहे, बांधायला जुनं आंब्याचं झाड आहे, आणि रोज उपसायला आत्याचा मुलगा आहे. त्याला मोबदला म्हणून होडकं वापरायचा हक्क. लेखी काही नाही.

मग पात. गल्लीच्या वळणावर ती अडकली, एका शेजाऱ्याच्या फाटकाचा खांब सोडवावा लागला. त्यांनीच पहार आणून दिली. गोठ्याची भिंत तोवर भाच्यानं उतरवली होती. जांभ्याचे चिरे सुटे, फोडावे लागले नाहीत. तेच चिरे आत दोन ओळींत मांडले, त्यांवर माडाची लाकडं टाकली आणि पठाण त्यांवर टेकवला. गाईच्या गव्हाणीवर नाळ जरा पुढं आली, तेवढी येऊ दिली. उघड्या बाजूला तात्यांनी झापच लावायला लावले, ताडपत्री लावू दिली नाही. झाप अक्कानं आणि शेजारच्या दोघी बायकांनी संध्याकाळपर्यंत विणले. भिंत आता नारळी पौर्णिमेनंतरच, पात बाहेर काढल्यावर घालायची असं ठरलं.

बाहेर काढल्यावर लगेच समुद्रात नेता येत नाही. दोन-अडीच महिने कोरडं राहिलेलं लाकूड आक्रसतं, सांधे उघडतात. आधी तिला उथळ पाण्यात नेऊन दोन दिवस तशीच बुडवून ठेवायची, फळ्या फुगून एकमेकींना भिडल्या की मग उपसायची. त्याआधी टाके. श्रावणात चार दिवस रजा काढून येतो आणि दुसऱ्या बाजूनं दोर ओढतो, असं भाच्यानं जाताना आजोबांना सांगितलं. काथ्या किती लागेल ते तात्यांनी त्याला वितीनं मोजून लिहून दिलं.

मी निघालो तेव्हा तात्या स्वयंपाकघराच्या दाराशी तिन्ही होड्यांची बुचं खिळ्यांना अडकवत होते. होडकं पाण्यातच आहे, त्याचं बूच काढून कसं चालेल, असं मी विचारलं. ते जादा बूच आहे म्हणाले; पावसाळ्यात आत्याच्या मुलानं ते हरवलं तर रात्री शोधायला कुठं जायचं?